आधी आतडं जेवतं, मग आपण

 

आजचा विषय एका डब्यावरून घेतला आहे. पांढऱ्या पावडरीचा डबा. वर ठळक अक्षरांत 'एल-ग्लुटामीन' आणि खाली बारीक अक्षरांत 'आतड्यांच्या आरोग्यासाठी'. पूर्वी हा डबा फक्त जिमला जाणाऱ्या पोरांच्या कपाटात असायचा. आता तो चाळिशी-पन्नाशीतल्या माणसांच्या स्वयंपाकघरातही दिसतो. पोट फुगतं, सारखं बिघडतं, पाळी बदलली की दोन दिवस संडासला नीट होत नाही, म्हणून कुणीतरी सुचवतं आणि दिनार मोजून डबा घरी येतो. मग प्रश्न येतो: घ्यावी का ही पावडर?

उत्तर देतो, पण त्याआधी आतडं स्वतः काय खातं ते बघू. हा भाग समजला तर डब्याचा निर्णय तुमचा तुम्हाला घेता येईल.

प्रथिन म्हणजे मण्यांची माळ, आणि अमिनो आम्लं म्हणजे तिचे मणी. आपल्या शरीरातल्या प्रथिनांत वीस प्रकारचे मणी वापरले जातात. त्यांतले नऊ शरीराला बनवता येत नाहीत, ते ताटातूनच यावे लागतात. तुम्ही वरण खा नाहीतर सुरमईची तुकडी, आतड्यात माळ तुटते, मणी सुटे होतात, आतड्याची भिंत ते शोषून घेते आणि रक्तात सोडते. शाळेत आपण एवढंच शिकलो. ते खरं आहे, पण अर्धं. ही भिंत म्हणजे नुसता माल आत सोडणारा हमाल नव्हे. माल हातात आला की आधी ती स्वतः जेवते, आणि मग उरलेलं पुढे पाठवते.

तिला एवढी भूक का? कारण ती सतत नवी होत असते. लहान आतड्याच्या आतल्या अस्तराच्या पेशी तीन ते पाच दिवसांत झडतात आणि त्यांच्या जागी नव्या येतात. म्हणजे गेल्या शुक्रवारी तुमच्या आतड्याला जे अस्तर होतं, त्यातलं आज जवळजवळ काही उरलेलं नाही. एवढं बांधकाम रोज चालवायचं तर विटाही लागतात आणि इंधनही.

इंधनाचा शोध १९७४ साली लागला. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत हर्बर्ट विंडम्युलर आणि ॲल्बर्ट स्पेथ हे दोघे उंदराच्या लहान आतड्यावर काम करत होते. आतड्याच्या पेशी साखरेवर चालत असतील, असा तोवरचा साधा अंदाज. त्यांना दिसलं की आतडं रक्तातून ग्लुटामीन हे अमिनो आम्ल मोठ्या प्रमाणात ओढून घेतं आणि जाळतं. डब्यावरचं नाव ते हेच. त्याचं भावंड ग्लुटामेट. डुकराच्या पिल्लांवरच्या प्रयोगांत दिसलं की अन्नातलं जवळजवळ सगळं ग्लुटामेट आतड्याच्या भागातच संपतं, पुढे रक्तात फारसं पोचतच नाही. आता, डुकराचं पिल्लू का? त्याचं आतडं माणसाच्या बाळाच्या आतड्याशी बरंच जुळतं, म्हणून या विषयातलं पुष्कळसं ज्ञान तिथून आलेलं आहे.

याच पेशी ग्लुटामीनपासून सिट्रुलीन नावाचं आणखी एक अमिनो आम्ल बनवतात. नाव आलं कलिंगडाच्या शास्त्रीय नावावरून, कारण जपानमध्ये ते आधी कलिंगडाच्या रसात सापडलं. ज्यांचं आतडं शस्त्रक्रियेत बरंच काढावं लागलेलं असतं, त्यांच्या रक्तातलं सिट्रुलीन मोजून डॉक्टर अंदाज बांधतात की कामाचं आतडं किती शिल्लक आहे. आतडं धडधाकट असलं तर सिट्रुलीन भरपूर.

विटांची गोष्ट थोडी वेगळी. आतड्याच्या आतून एक बुळबुळीत थर असतो, त्याला श्लेष्मा म्हणतात. जंतू आणि आतड्याची भिंत यांच्यामध्ये तोच उभा असतो. हा थर ज्या प्रथिनांचा बनतो त्यांत थ्रिओनीन नावाचं अमिनो आम्ल खच्चून भरलेलं असतं, आणि ते त्या नऊ परावलंबी मण्यांपैकी एक आहे. पिल्लांच्या प्रयोगांत अन्नातलं निम्म्याहून जास्त थ्रिओनीन एकटं आतडंच वापरून टाकतं असं दिसलं. त्यांच्या आहारात थ्रिओनीन कमी केलं, तर श्लेष्मा कमी झाला आणि पिल्लांना जुलाब लागले. बाकीच्या शरीराला बहुतेक मणी परत वापरता येतात, जुनं प्रथिन मोडून नवं करता येतं. श्लेष्म्यात गेलेलं थ्रिओनीन मात्र बरंचसं मोठ्या आतड्यात वाहून जातं आणि तिथल्या जंतूंच्या तोंडी पडतं. म्हणून ते रोज नव्याने यावं लागतं.

आणि ट्रिप्टोफॅन. याच्यासाठी आपल्याला दख्खनच्या पठारावर जावं लागेल.

पेलाग्रा नावाचा एक रोग आहे. उन्हाला लागणारी कातडी काळी पडून सोलते, जुलाब थांबत नाहीत, आणि शेवटी माणूस भ्रमिष्ट होतो. जगात हा मका खाणाऱ्या गरिबांचा रोग म्हणून ओळखला गेला. मक्यात ट्रिप्टोफॅन फार कमी, आणि शरीर ट्रिप्टोफॅनपासून नायसिन हे जीवनसत्त्व बनवतं. साठ मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅनमधून साधारण एक मिलिग्रॅम नायसिन. पण हैदराबादच्या डॉक्टरांना हा रोग दिसत होता तो मका न खाणाऱ्या, ज्वारीवर जगणाऱ्या माणसांत. डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आपलं म्हणणं मांडलं: ज्वारीत ल्युसीन हे अमिनो आम्ल प्रमाणाबाहेर आहे, आणि ते ट्रिप्टोफॅन-नायसिनच्या कारभारात बिघाड करतं. ल्युसीनच खरा गुन्हेगार का, यावर पुढे बरीच वर्षं वाद झाला आणि सगळ्या प्रयोगशाळांना तेच उत्तर मिळालं नाही. पण रोग खरा होता, आणि तो त्याच पठारावर होता जिथे आपल्या मराठवाड्याची, सोलापूरची ज्वारी पिकते. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता.

ज्वारीला दोष देऊ नका. त्या ताटात ज्वारीशिवाय दुसरं काही नव्हतं, हा दोष. भाकरी आणि मिरची, एवढंच. ज्या घरात भाकरीबरोबर पिठलं, आमटी, ताक होतं त्या घरात कुणी पेलाग्राने मरत नव्हतं.

यात आतड्याचा भाग लक्षात घ्या. नायसिन कमी पडलं की सगळ्यात भराभर वाढणाऱ्या पेशी आधी मार खातात. त्या म्हणजे आतड्याच्या. अस्तर खराब झालं की असलेलं अन्नही शोषलं जात नाही, की आणखी कमतरता, की अस्तर आणखी खराब. असा हा फेरा. २०१२ मध्ये 'नेचर'मध्ये एक शोधनिबंध आला. त्यात एसीई-२ हे प्रथिन नसलेले उंदीर होते. हे नाव करोनाच्या काळात सगळ्यांच्या कानावरून गेलं, पण आतड्यात त्याचं काम वेगळंच आहे. ट्रिप्टोफॅनसारखी अमिनो आम्लं आत घेणारी जी यंत्रणा आहे, तिला ते आधार देतं. ते नसलेल्या उंदरांच्या आतड्यांना फार जोराची सूज येत होती. त्यांच्या आतड्यातले जंतूही बदलले होते. ट्रिप्टोफॅन दुसऱ्या वाटेने आत पोचेल अशा रूपात दिल्यावर सूज कमी झाली. उंदराचं सगळंच माणसाला लागू पडत नाही, पण जुलाब हे पेलाग्राचं लक्षण का, हे कोडं तिथे बरंच उलगडलं.

आता आपल्या माणसांकडे येऊ. दुर्गा भागवत हे नाव आपल्याला माहीत आहे. त्यांची धाकटी बहीण कमला, लग्नानंतर कमला सोहोनी, हिचं नाव त्यामानाने कमी घरांत घेतलं जातं. १९३३ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी तिला मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. ती हटली नाही. मग एक वर्ष पारखून बघू, या अटीवर तिला घेतलं. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवून ती परतली. विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री असा तिचा उल्लेख होतो. पण आज मला ती आठवते वालासाठी.

मुंबईच्या विज्ञान संस्थेत कमलाबाई कडधान्यांच्या प्रथिनांवर काम करत होत्या. कडधान्यात प्रथिनं आहेत हे सगळ्यांना माहीत होतं. प्रश्न असा की पोटात गेल्यावर त्यांतले मणी सुटे होतात का? माळ तोडायची कात्री म्हणजे ट्रिप्सिन, स्वादुपिंडातून येणारं. काही कडधान्यांत या कात्रीला पकडून ठेवणारा पदार्थ असतो. कमलाबाई आणि त्यांच्या सहकाऱ्याने वाल आणि डबल बी यांतून तो पदार्थ शुद्ध स्फटिकांच्या रूपात वेगळा काढला. १९५५ मध्ये हे काम 'नेचर'मध्ये छापून आलं.

या पकडीने दुहेरी नुकसान होतं. एक तर डाळीचे मणी सुटत नाहीत. दुसरं, कात्री चालेना म्हणून स्वादुपिंड आणखी कात्र्या पाठवतं. त्या कात्र्याही प्रथिनांच्याच, म्हणजे घरचे मणी खर्चून केलेल्या. कच्चं सोयाबीन खायला घातलेल्या जनावरांची वाढ खुंटते, त्याचं हे एक मोठं कारण.

यावर उपाय आपल्या आज्यांनी कधीच करून ठेवला होता, कारण न सांगता. कडवे वाल रात्रभर भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून सोलायचे, आणि मग त्या डाळिंब्या नारळ-कोथिंबिरीत मऊ शिजवायच्या. भिजवण्याने आणि मोडाने थोडा फरक पडतो, खरा फरक उकळण्याने पडतो. उष्णतेने ती पकड सैल होते. म्हणून 'कच्चे मोड खा, ताकद येते' हा सल्ला मुगाच्या मूठभर मोडांपुरता ठीक, वालाला आणि राजम्याला तो लावू नका. राजम्यात तर आणखी एक द्रव्य असतं, लेक्टिन, ते थेट आतड्याच्या अस्तराला चिकटतं. चार-पाच कच्चे दाणेसुद्धा उलट्या-जुलाबाला पुरतात. इथे अनेक घरांत आता मंद आचेवर रात्रभर शिजवणारी विजेची भांडी आली आहेत. त्यात भिजवलेला राजमा थेट टाकू नका. आधी भिजवणाचं पाणी फेकून, ताज्या पाण्यात किमान दहा मिनिटं खळखळून उकळा, मग भांड्यात घाला. कुकर असेल तर काळजी नाही.

आता तो डबा. ग्लुटामीन आतड्याचं इंधन आहे, मग वरून टाकलं तर आतडं तगडं होईल, हा तर्क ऐकायला बरोबर वाटतो. डॉक्टरांनाही वाटला होता. २०१३ मध्ये कॅनडा, अमेरिका आणि युरोपातल्या ४० अतिदक्षता विभागांतल्या बाराशेहून जास्त अत्यवस्थ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. ग्लुटामीन दिलेल्या रुग्णांत मृत्यू कमी होण्याऐवजी जास्त झाले. याउलट, पोटाचा संसर्ग होऊन गेल्यावर ज्यांना महिनोन् महिने जुलाब होत राहतात अशा शंभराच्या आसपास लोकांना २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आठ आठवडे रोज तीनदा पाच-पाच ग्रॅम ग्लुटामीन दिलं, आणि दहातल्या जवळजवळ आठ जणांना चांगला फरक पडला. खोटी पावडर मिळालेल्यांत शंभरात सहा. म्हणजे ते निरुपयोगी नाही, पण ते औषध आहे, ठरावीक दुखण्याला, ठरावीक मात्रेत. ही चाचणी लहान होती आणि एकाच केंद्रात झाली होती, हेही लक्षात ठेवा. यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्याने तर डॉक्टरांना न विचारता या डब्याला हात लावू नये. आणि ज्याला विशेष काही दुखणं नाही, नुसतं 'पोट जरा बरं राहावं' म्हणून घ्यायचंय, त्याने ते पैसे अंड्यांवर, दह्यावर, हरभऱ्यावर घालवावेत असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात ग्लुटामीनही येतं आणि थ्रिओनीन, ट्रिप्टोफॅनही. डब्यात फक्त एकच मणी आहे.

कारण हिद्दमध्ये, खरं सांगायचं तर, बऱ्याच जणांच्या ताटाची गत त्या भाकरी-मिरचीसारखीच आहे, फक्त पोट भरलेलं असतं. इथल्या सुक्या गोदीत, बंदरात, कारखान्यांत पाळ्या करणारी माणसं बघा. सकाळी कडक चहा आणि बिस्किटं, दुपारी भाताचा ढीग आणि वर पातळ सांबार, संध्याकाळी पुन्हा चहा-समोसा, रात्री खुबूस आणि बटाट्याची भाजी. उष्मांक पुरेसे. प्रथिनं जी काही, ती जवळजवळ सगळी गव्हा-तांदळातून, आणि धान्याच्या प्रथिनात लायसीन आणि थ्रिओनीन हे दोन मणी कमी असतात. ६५ किलोच्या पुरुषाला दिवसाला ५४ ग्रॅम, ५५ किलोच्या बाईला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिनं हवीत, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं २०२० चं मार्गदर्शन सांगतं. पाव किलो धान्यातून २० ते २५ ग्रॅम येतात. उरलेल्याचं काय?

उरलेलं कोपऱ्यावरच्या कोल्ड स्टोअरमध्येच आहे. एका अंड्यात सहा ग्रॅम. मूठभर, म्हणजे पन्नास ग्रॅम सुके हरभरे भिजवून शिजवले की जवळजवळ दहा. शंभर ग्रॅम मासळीत वीसच्या आसपास. वाटीभर दह्यात पाच-सहा, आणि लबनची बाटली तर इथे प्रत्येक फ्रीजमध्ये. बहरीनी माणूस न्याहारीला शिजवलेले हरभरे आणि बाकला खातो, ती सवय उचलण्यासारखी आहे. (मात्र घरात कुणाला जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असेल तर बाकला वर्ज्य. या बेटांवर ती कमतरता बऱ्याच जणांत आढळते आणि आपल्या काही समाजांतही आहे.)

डाळीत लायसीन भरपूर आणि मेथिओनीन कमी, धान्यात नेमकं उलट. म्हणून वरण-भात, पिठलं-भाकरी, खिचडी, थालीपिठाची भाजणी या जोड्या. दोन्ही एकाच घासात असायला हवेत असंही नाही, दिवसभरात जमलं तरी चालतं. पण डाळ हवी ती पळीवाढी, भातावरून वाहून जाणारी नको. उपासाच्या दिवशी साबुदाण्यावर भिस्त ठेवू नका, त्यात प्रथिनं जवळजवळ नाहीतच. त्या खिचडीत जे काही आहे ते दाण्याच्या कुटाचं. राजगिरा बरा, त्यात लायसीनही चांगलं असतं.

आजारपणात आपण याच्या नेमकं उलटं वागतो. मुलाला जुलाब लागले की पेज, साबुदाण्याची लापशी, चहा-टोस्ट, आणि ते चार-पाच दिवस. जुलाबात पहिलं काम पाणी आणि मीठ-साखरेचं, म्हणजे ओआरएस, यात वाद नाही. लहान मुलाला डॉक्टर झिंकही देतात. पण जेवण थांबवायचं नाही, अंगावरचं दूध तर मुळीच नाही. अस्तर झडून गेलंय, नवं बांधायचंय, आणि आपण नेमका त्याच वेळी माल बंद करतो! भूक लागताच मऊ मुगाची खिचडी, मेतकूट-भात, दही-भात, उकडलेलं अंडं द्या. बरं झाल्यावर दोन आठवडे मुलाला रोज एक जेवण जास्त द्या, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मेतकूट म्हणजे भाजलेल्या डाळी आणि धान्य एकत्र दळलेलं, चवीला हिंग-हळद. आजारातून उठलेल्या पोटासाठी याहून सोपं काही मला माहीत नाही. सुट्टीवरून येणाऱ्याकडून चिवड्याबरोबर तेही मागवा.

काही पोटं मात्र ताट सुधारून बरी होत नाहीत. संडासात रक्त, न करता घटणारं वजन, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, मुलाची खुंटलेली उंची, कमी होत जाणारं हिमोग्लोबिन, यांतलं काहीही असेल तर आधी आरोग्य केंद्र, आणि गरज पडल्यास तिथून सलमानिया किंवा बुसैतीनचं किंग हमद हॉस्पिटल. गव्हाने त्रास होतो असा संशय असेल, तर एक विनंती: तपासणीआधी पोळी-खुबूस बंद करू नका. सिलिॲकची रक्ततपासणी गहू खात असतानाच खरं उत्तर देते, सोडल्यावर केली तर फसवते. आणि तपासणीत निघालाच सिलिॲक, तर ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ चारही चालतात, फक्त पीठ गव्हाच्या गिरणीत दळलेलं नको.

वालाबद्दल शेवटचं. इथल्या जूनमध्ये फडक्यात बांधलेल्या कडधान्याला एका रात्रीत मोड येतात आणि दुसऱ्या दुपारपर्यंत वास येऊ लागतो. त्यामुळे मोड दिसले की धुऊन लगेच फ्रीजमध्ये टाका. एसीच्या खोलीत ठेवलंत तर उलट दीड दिवस लागतो. सोलायला घरातल्या मुलांना बसवा, त्यांना ते आवडतं.